फलालीनची पट्टी

“ती पेटी घरात आणू नकोस हं, उर्मिला,” सासूबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. “रोज पहाटे तिचं झाकण धाडकन वाजतं, त्यावरून कळतं व्हायोलेट उठली म्हणून. एकटी बाई आहे ती.”

“मग तुम्हाला गजराचं घड्याळच आणू या की, आई!” उर्मिला हसून म्हणाली होती. आणि तिने पेटी आणली होती.

तशी ती मागायला काही गेली नव्हती. मागच्या गल्लीतल्या व्हायोलेट आंटीकडे जाऊन तिने तीनदा पेटी नुसती वाखाणली. शिसवी लाकूड, पुढच्या फळीवर कोरलेला द्राक्षांचा वेल, कोपऱ्यांना पितळी पत्रे. चौथ्यांदा आंटीच म्हणाली, “ने गो पोरी. माझी पहाटे मिस्साला चर्चात न्यायची ओढणी काय, खुंटीवर राहील.” अर्ध्या तासात पेटी उर्मिलेच्या दिवाणखान्यात आली होती.

समई, चौरंग, भिंतीवर लावलेले गंजिफांचे गोल पत्ते, आणि त्यांच्या मधोमध ती. नवऱ्याच्या, मनमोहनच्या, ऑफिसातली माणसं विचारायची, “पेशवाईतली का हो?” उर्मिला हसायची, नाही म्हणायची नाही. आत बंडूची दुपटी, खेळणी. झाकण पडलं की बंडू झोपेतून दचकायचा, म्हणून तिने कडेला चारी बाजूंनी फलालीनची पट्टी चिकटवून टाकली. पुन्हा आवाज म्हणून झाला नाही.

आज कर्फ्यूचा तिसरा दिवस. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हटल्यावर गिरगाव पेटलं होतं. मनमोहन फोर्टात ऑफिसातच अडकला होता. अश्रुधुराच्या भीतीने सगळ्यांच्या खिडक्या बंद. सकाळचे सात वाजले होते आणि अडीच वर्षांचा बंडू दोन दिवस कोंडून कंटाळला होता. पेटीशी बसून त्याने नखाने पट्टीचं टोक सोडवलं, मग ओढत ओढत सगळी पट्टी काढली. मग झाकण उचललं.

धाड!

उर्मिला धावली. आधी त्याची बोटं मोजली. दहा होती.

“उठली गो बाई व्हायोलेट,” सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. “टाक चहा.”

 स्टोव्ह तेवढा फरफरत होता.

सासूबाई ओले हात तसेच घेऊन दारात आल्या. पेटीकडे पाहिलं, सुनेकडे पाहिलं.

“तू पाहिलंस तिला? या तीन दिवसांत?”

“मला वाटलं, तुम्ही पाहिलं असेल.”

“मी बघत कधी होते गं? मी ऐकत होते.”

उर्मिलेने पाहिलं होतं. आंटीला नव्हे, तिचं दार. काल दोन तास कर्फ्यू उठला तेव्हा बंडूला कडेवर घेऊन ती दूध आणायला गेली आणि त्या गल्लीतूनच परत आली. दाराच्या कडीला पाववाल्याने अडकवलेली पिशवी तशीच लोंबत होती. दोन दिवसांचे पाव. एक कावळा पिशवीला चोची मारत होता. थांबावं असं तिला वाटलंही होतं. पण बंडू किरकिर करत होता, दूध नासलं असतं, आणि घड्याळात दहाच मिनिटं उरली होती.

आता खाली रस्त्याच्या तोंडाशी बंदुका घेतलेले पोलीस उभे होते. त्या गल्लीत जायचं तर त्यांच्या समोरूनच. बंडूला सासूबाईंकडे देऊन उर्मिला जिना उतरली; शेवटच्या पायरीवर पोचते न पोचते तोच शिट्टी वाजली आणि कोणीतरी तिच्यावर ओरडलं. ती उलट्या पावली वर आली.

सासूबाई पेटीशी बसल्या होत्या. त्यांनी झाकण उचललं आणि सोडलं. धाड. कान देऊन थांबल्या. पुन्हा उचललं. धाड. ऐकून व्हायोलेट तिकडून काहीतरी वाजवेल, ओरडेल, अशा आशेने.

उर्मिलेने मागच्या गॅलरीचं दार उघडलं. समोर आंटीचं कौलारू छप्पर, भोवती बंद खिडक्याच खिडक्या. आयुष्यात कधी मोठ्याने न ओरडलेली ती बी.ए. झालेली सून कठड्यावर वाकली आणि कोण ऐकतंय ते ठाऊक नसताना हाका मारू लागली.

“अहो, कुणी आहे का तिकडे? ऐकताय ना? ते हिरवं दार, कडीला पिशवी आहे बघा. जरा वाजवा ना. उत्तर नाही आलं तर ढकला, आंटी आतून कडी लावत नाही. एकटी असते हो ती. जाऊन बघता का?”