काडीएवढी फट

पुंजाराम तलाठी रिटायर झाले आणि पुंडलिकनगरातल्या घरामागं पेरूच्या झाडाभोवती त्यांनी चार बोटं रुंदीची खेळण्यातली रेल्वे हातानं अंथरली. रुळाला रूळ असा भिडवला की सांध्यात केस शिरेना. मे महिन्याच्या उन्हात रूळ सापासारखे वाकले. "भंगारातच घालतो," म्हणत त्यांनी पक्कड उचलली, तेव्हा त्यांची बायको लक्ष्मीबाई काडेपेटी घेऊन आली. "आवं, उन्हात लोखंड वाढतंय. माझा बाप सांध्यात फट ठेवायचा." सासरे करमाडच्या रेल्वे लायनीवर रूळ सांभाळणारे गँगमन होते, हे सांगायला पुंजारामांना चाळीस वर्षं लाज वाटली होती. ते रूळ कापत गेले, लक्ष्मीबाई काडी धरून फट मोजत गेल्या. रविवारी उन्हातही रूळ सरळच होते. गाडी सोडायला गल्ली जमली. पुंजारामांनी नारळ बायकोच्या हाती दिला. "बायका नारळ नाय फोडत," त्या कुजबुजल्या. पुंजाराम ठणकावून म्हणाले, "गँगमनची लेक फोडती!"