चुटकीचा गरबा

सातव्या माळेलाही रंजनबेननी ढोलाला हात लावू दिला नाही. मस्कतच्या जुन्या गल्लीतल्या त्या अंगणात मातीच्या दिव्याभोवती बायका फिरत होत्या, पण पैंजणं काढून, टाळीऐवजी चुटकी वाजवत आणि गाणं ओठातल्या ओठात म्हणत. समोरच्या घरातले हाजी सुलेमान पाचव्या माळेपासून अंथरुणाला खिळले होते.

"मासी, हा गरबा आहे की चोरांची मिरवणूक?" जिग्ना कुरकुरली.

"शेजारी माणूस अखेरच्या घटका मोजतोय आणि तुला ढोल हवा? चाळीस वर्षं आपला धांगडधिंगा त्यांनी हूं की चूं न करता सोसलाय. आता आपण चार दिवस गप्प नाचलो तर देवी रागावणार नाही."

तेवढ्यात हाजींची मुलगी लतीफा दारात येऊन उभी राहिली. रंजनबेन चरकल्या. "आवाज झाला का गं पोरी?"

"नाही झाला, खाला. म्हणून तर आले." लतीफाचे डोळे भरलेले होते, तरी तिला हसू आवरेना. "बाबांनी दोन दिवस अन्नाचा कण घेतला नाही. नवरात्र असून ढोल ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांनी ठरवूनच टाकलंय, की आपण गेलो."

रंजनबेननी पदर खोचला आणि ढोलवाल्याकडे वळल्या.

"बडव रे मुराद, हात दुखेपर्यंत बडव! हाजींना सांग, अजून गल्लीतच आहात म्हणून!"