निळा प्लग

अमडापूर मागे पडलं आणि वामनरावांच्या गाडीच्या बॉनेटमधून पुन्हा वाफ निघाली.

"थांबा लागते," ते म्हणाले. "थंड झाल्याबिगर झाकण खोलता येत नाही."

मागच्या सीटवर त्यांची मुलगी मंजुश्री पदराने तोंड झाकून बसली होती. भर उन्हात तिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत होत्या. जाणारे-येणारे वाकून बघत होते. एसटीच्या वर्कशॉपात उभी हयात काढलेल्या माणसाला स्वतःचं इंजिन कळू नये! तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नांदुऱ्याला सासरी परत जायचं नाही, असं ती रडून सांगत होती. पण बैठक बसली आणि चार पाहुण्यांसमोर वामनराव बोलून गेले, "पोरीले मी स्वतः आणून सोडतो." तिच्या हातांवरचे वळ त्यांना दिसले ते काल, ती भांडी घासत असताना. आज सकाळी ते अंघोळीआधीच बॉनेटमध्ये डोकं घालून बसले होते.

फोन वाजला. तिचा नवरा, हर्षल. गाडी पुन्हा थांबल्याचं ऐकताच तो ओरडला,

"भंगारात घाल म्हना तुह्या बापाले ते डबडं! शब्द देल्ला त्यानं!"

वामनरावांनी फोन घेतला. मान खालीच होती. "जावईबापू, मी शब्द मोडनार नाही. गाडीच दगा देऊन राह्यली."

खामगावच्या अलीकडे गोकुळचं गॅरेज होतं. हा वामनरावांच्याच हाताखाली तयार झालेला. तो वाकला आणि हसतच सुटला.

"काका, रेडिएटरच्या पंख्याचा प्लगच निंगाला! पंखा फिरन कसा?" त्याने तो निळा प्लग मंजुश्रीलाही दाखवला, खटकन बसवला, पाणी भरलं. "गाडी तापली का पह्यले पंखा पाहा, हे तुमीच शिकवलं ना मले?"

"वय झालं बे," वामनराव पुटपुटले. त्यांचे कान लाल झाले होते. मंजुश्रीला त्यांच्याकडे बघवेना.

गाडी निघाली. आता तापमानाचा काटा जागचा हलत नव्हता. नांदुरा जवळ येऊ लागलं तशा तिने बाह्या आणखी खाली ओढल्या. बापाची लाज वाटत होती, तरी गाडी बंद पडलेलीच बरी होती, असं तिला वाटून गेलं.

वामनरावांनी गाडी बाजूला घेतली.

"बॉनेट नीट लागलं नाही वाटते," म्हणत ते उतरले.

बॉनेट तर गोकुळने स्वतः दाबून लावलं होतं. तिने पुढे वाकून पाहिलं. उघडलेल्या बॉनेटखालच्या फटीतून तिला बापाचा हात दिसला. त्या हाताने निळा प्लग उपसून काढला.