ठमीसाठी स्थळ

अनंतरावांनी साखळी हातात घेतली आणि वितीनं मोजली. सात वीत भरली.

"आखूड आहे."

"वाढवून घेऊ की काका," बद्रीनाथ म्हणाला. चिकलठाण्यात त्याचा हा बंगला होता, मागं मोकळी जागा होती आणि राखणीला कुत्रं हवं होतं. अनंतरावांना ठमी देऊन टाकायची होती. बायकोचा दमा वाढला होता. घरात कुत्रं नको, असं डॉक्टरनं साफ सांगितलं होतं.

मग काय, चौकशी सुरू झाली. पोलिसांनी लाजावं अशी चौकशी! ठमी झोपणार कुठं? ह्या शेडमध्ये? उन्हाळ्यात पत्रा तापतो, त्याचं काय? खायला ताजं की शिळं? घरात कुणी पितं का? कुणाला हात उचलायची सवय? अनंतराव वाकून शेडमध्ये शिरले, पाण्याचं घमेलं हुंगून बघितलं. एवढ्यानं भागलं नाही. शेजारच्या अंगणात भांडी घासत बसलेल्या आवडाबाईंना कुंपणावरून विचारलं, "ह्यांचं आधीचं कुत्रं कशानं गेलं हो?"

"म्हातारं होऊन मेलं. लई जपायचे त्याला."

तरी त्यांचा जीव थाऱ्यावर येईना. "हे बघा, हिचं इथं मन नाही रमलं तर मला फोन करायचा. कधीही. वर्षानं केलात तरी त्याच दिवशी येऊन घेऊन जाईन."

पद्मजा ठमीचा पट्टा धरून पायरीपाशी उभी होती. ही अनंतरावांची लेक. दोन महिन्यांपूर्वी जालन्याहून, सासरहून, एक पिशवी घेऊन निघून आली होती. रविवारी मधुसूदन, तिचा नवरा, तिला न्यायला येणार होता. मी जाणार नाही, असं ती रोज सांगत होती आणि जुळवून घे, असं अनंतराव रोज सांगत होते. चार वर्षांत तिनं किती फोन केले! तेव्हाही हेच. काय झालं, ते त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं. आणि आता कुत्रीच्या फोनला वर्षाची मुदत!

"नकोच," अनंतराव शेवटी म्हणाले. "मला काही पटत नाही. परत नेतो मी हिला."

बद्रीनाथ भडकला. "ओ काका! तासभर झाला, मी आपलं व्हय-व्हय करून राह्यलो. तुम्ही कुत्रं देऊन राह्यले का पोरगी?"

"पोरगी मागा की," पद्मजा म्हणाली. "चहा संपायच्या आत हो म्हणतील."

"पद्मा! लोकांसमोर काय हे?"

"लोकांसमोरच!"

तिनं ठमीला ओढलं आणि तरातरा रस्त्यावर जाऊन रिक्षा थांबवली. अनंतराव मागून धापा टाकत आले. ठमी दोघांच्या मध्ये पायाशी बसली. रिक्षा क्रांती चौकाकडं निघाली.

"शोभा केलीस माझी! एका परक्या माणसासमोर!"

"तिच्यासाठी विचारलंत, कुणी पितं का, हात उचलतं का. माझ्या वेळी काय विचारलंत? पगार किती, आणि घर स्वतःचं की भाड्याचं!"

"मी घर बघून आलो होतो!" अनंतराव ओरडले. "स्वतः गेलो होतो जालन्याला. कुणाच्या सांगण्यावर नाही दिली तुला!"

"शिरा खाल्लात पुढच्या खोलीत. दोनदा मागून घेतलात. मागं गेला होतात?"

"मागं कशाला? व्याह्यांच्या घरात आतबाहेर हिंडायचं? बरं दिसतं का ते?"

रिक्षावाल्यानं आरशातून एकदा बघितलं. अनंतरावांना आपलंच बोलणं ऐकू आलं असावं. त्यांनी रुमाल काढला, चेहरा पुसला. मग ठमीच्या डोक्यावर हात ठेवला.

"काय आहे मागं?" त्यांनी विचारलं.

पद्मजा बाहेर बघत होती.

"एक खोली आहे. कडी बाहेरून आहे तिला. तुमचा फोन आला की सासूबाई सांगायच्या, पद्मजा झोपलीय. तुम्ही म्हणायचात, असू दे, उठवू नका. फोन स्पीकरवर असायचा, बाबा. मला आत ऐकू यायचं."