सुतळीचं वजन

"उतरलं नाही," काट्याकडे बघत सून म्हणाली. "उलट चढलंय."

सुतळी काट्यावर बसून शेपटी हलवत होती. पिल्लू असताना ती खरोखरच सुतळीसारखी होती, म्हणून हे नाव. आता चार पावलं चालली तरी धापा टाकायची आणि नाव ऐकून लोक हसायचे.

सून कुत्र्यांची शिक्षिका होती. घराच्या पुढच्या खोलीत तिचा वर्ग चालायचा. भुंकणारी, चावरी, हट्टी कुत्री यायची आणि शहाणी होऊन जायची. आधी मालकाला वळण लावायचं, कुत्रं आपोआप वळतं, हे तिचं पालुपद. कालच एका मालकिणीने सुतळीकडे बघून विचारलं होतं, "दिव्याखाली अंधार तो हाच का?" सुनेने हसून वेळ मारून नेली, पण बोल लागला होता. त्याहून वाईट म्हणजे डॉक्टर म्हणाले होते, असंच वाढत राहिलं तर मागचे पाय जातील.

खाणं वाटीने मोजलेलं, फिरणं दोन्ही वेळचं. तरी वजन वाढतंय म्हणजे घरातच कुणीतरी खायला घालत होतं. नवरा दिवसभर कामावर. उरले सासरे.

"बाबा, तुम्ही देता का हिला काही?"

सासऱ्यांनी चष्मा काढून पुसला. "देतो गं. माझ्या ताटातलं. चुकलंच माझं."

एवढ्या सरळ कबुलीची तिला सवय नव्हती. तिच्या वर्गातले मालक आधी शपथा घेत, मग बायकोवर ढकलत.

"माया वाटते, कळतं मला," ती म्हणाली. "पण तुमची माया तिच्या पायांवर येतेय. अधू होईल ती."

सासऱ्यांचा चेहरा उतरला. "मुक्या जनावराला मी... नाही देणार आता. शब्द देतो."

त्या संध्याकाळपासून जेवणाच्या वेळी सुतळीची रवानगी पुढच्या खोलीत, तिच्या चटईवर. रडली तर कुणी बघायचं नाही, गप्प झाली की शाबासकी. सुतळी लवकर शिकली. एक खोड मात्र जाईना. दार उघडलं की ती थेट सासऱ्यांकडे धावायची, गुडघ्यांवर पाय ठेवायची आणि त्यांचं तोंड, गळा हुंगत राहायची.

"हुंगू देऊ नका," सून सांगायची. "पिल्लं आईचं तोंड हुंगतात ना, तशी मागतेय ती. मान वळवा."

सासरे निमूटपणे मान वळवायचे.

त्यांचं सगळंच निमूट झालं होतं. भात मऊ कर, कवळी टोचते, एवढंच एकदा म्हणाले. सगळ्यांची जेवणं झाली तरी ते ताटावर बसून राहायचे. "तू ऊठ, मी आवरतो," म्हणायचे आणि आपलं ताट स्वतः घासून ठेवायचे. सुनेला अपराधी वाटायचं. म्हाताऱ्या माणसाला आपण लहान पोरासारखं दटावलं आणि आता ते जणू चुकीचं प्रायश्चित्त घेत होते. म्हणून ती भात आणखी मऊ शिजवायची, अंडं कुस्करून वाढायची, वर थोडं लोणी घालायची.

"तू तर बाबांनाही वळण लावलंस," नवरा एकदा म्हणाला. तिघंही हसले. सासऱ्यांना हसताहसता ठसका लागला.

महिनाभरात सुतळीला कंबर दिसू लागली. ती फाटकापर्यंत पळून यायला लागली. टोमणा मारणारी मालकीण स्वतःहून म्हणाली, "आता नाव शोभतं हो."

मग एका दुपारी सुतळी गॅलरीतली मोठी कुंडी उकरताना सापडली. सुनेने तिला बाजूला ओढलं. मातीत भात होता. कुस्करलेलं अंडं होतं. वरचं ताजं, खालचं बुरसलेलं.

तिचं डोकं सणकलं. ती तशीच आत गेली. सासरे खुर्चीत बसले होते. सदऱ्याची कॉलर त्यांच्या मानेभोवती सैल लोंबत होती.

"बाबा, तुम्ही शब्द दिला होता. आता कुंडीत लपवता तिच्यासाठी?"

"तिच्यासाठी नाही गं." त्यांनी मान खाली घातली. "तिला तू खोलीत बंद केलंस, मग ताट रिकामं कुठे करायचं? इतक्या हौसेनं वाढतेस. परत कसं देणार?"

"परत का द्यायचं?"

मागोमाग आलेल्या सुतळीने त्यांच्या गुडघ्यांवर पाय ठेवले आणि नाक गळ्याशी नेलं. या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

"उतरत नाही गं," ते म्हणाले. "घास उतरत नाही, आता पाणीही नाही. हिला तर केव्हाच कळलंय."