वीतभर खाली

"आता ही गाडी कधीच बसणार न्हाय," मष्णू मिस्त्री नागेंद्रला म्हणाला आणि गाडीच्या मागच्या अंगावर त्यानं कौतुकानं थाप मारली. "हवेच्या पिशव्या काढून कॉइल स्प्रिंग टाकल्यात. हत्ती बसवा आत, अण्णा."

गाडी सौम्याची होती. सौम्या तिथंच होती, चाकाच्या खुर्चीत, दोघांच्या कमरेच्या उंचीवर. पण मिस्त्री बोलत होता तिच्या भावाशी.

खंडेनवमीचा दिवस. खासबागेतल्या त्या गॅरेजात पाने, जॅक, हातोडे पाटावर मांडून त्यांना हळदकुंकू वाहिलेलं. गाडीला झेंडूची माळ. सकाळी नागेंद्रनं बहिणीला उचलून रिक्षात बसवलं होतं. कुठं जायचं ते सांगितलं नव्हतं. "गंमत हाय, चल," एवढंच. ती गंमत ही.

सौम्यानं किल्लीवरचं बटण दाबलं. पूर्वी एवढं केलं की मागच्या चाकांवरच्या हवेच्या पिशव्या फुस्स करून रिकाम्या व्हायच्या, गाडी मागून वीतभर खाली यायची, रॅम्प जमिनीला लागायचा आणि ती आपल्या हातांनी चाकं फिरवत आत जायची. पुढं ब्रेक, ॲक्सिलरेटर, सगळं हातानंच. वडगावातल्या बायकांनी विणलेल्या साड्या घेऊन आठवड्यातून दोनदा निपाणी गाठायची. एकटी.

आज गाडी हलली नाही. रॅम्प उघडला तो घसरगुंडीसारखा उभा. तिनं दात आवळून खुर्ची चढवली. अर्ध्यावर चाकं मागं सरकली आणि नागेंद्रनं पाठीमागून खुर्ची धरली.

"हात काढ."

"पडशील गं."

"हात काढ म्हटलं न्हवं!"

त्यानं हात काढला. खुर्ची धडधडत खाली आली. सौम्याचे तळवे सोलून निघाले.

"नव्या पिशव्या बसवायला सांगितलंतं मी."

"त्या पुण्यासनं यायला पंधरा दिवस लागत्यात," नागेंद्र म्हणाला. "गेल्या म्हैन्यात हवा जाऊन घाटात अडकलीस, तवा कोण आलतं? आणि रोज सकाळी बघावं तर गाडी दारात ढुंगणावर बसलेली. गल्ली हसती. सणाला तरी ताठ उभी असावी म्हटलं."

तो मनानं वाईट नव्हता. दुखणं तेच होतं. वाईट माणसाला निदान शिव्या घालून मोकळं होता येतं.

"पंधरा दिवस थांबले असते की मी. आठ वर्षं थांबून गाडी घेतलीया."

"आता झालं ते झालं. मी हाय की. उचलून बसवत जातो."

सौम्याचं डोकंच फिरलं.

"उचलूनच नको मला! शाळेत उचलून, दवाखान्यात उचलून. लग्नात उचलून एका कोपऱ्यात ठेवायचं, आणि मग तुझं जेवण, तुझं पान, तुझ्या गप्पा सरल्या की मी घरी जायाचं! त्यापायी घेतली ही गाडी. खाली बसती म्हणून घेतली! आणि तू तिला ताठ केलंस!"

रस्त्यावरची दोन माणसं थांबून बघू लागली. बघू देत. सौम्या मष्णूकडं वळली.

"जुन्या पिशव्या कुठं हायत?"

मष्णूनं नागेंद्रकडं बघितलं.

"त्याच्याकडं बघू नको. कागदावर माझं नाव हाय. कुठं हायत?"

"मागं टाकल्यात. पण त्या गळत्यात, आक्का."

"गळू देत. रोज हवा भरून घेईन. त्याच बसव."

"आज?" मष्णू चाचरला. "आज हत्यारं पूजेला बसल्यात. उद्या सोनं वाटल्याबिगर हात लावत न्हाय आम्ही."

"माझा मागाचा धोटाबी घरात पूजेला बसलाय. मला शिकवू नको. स्प्रिंग टाकायच्या आधी एका शब्दानं इचारलं असतंस, तर आज कुणाचाच नेम मोडला नसता."

तिनं खुर्ची पाटापाशी नेली आणि सगळ्यात मोठा पाना उचलला. त्यावरची फुलं खाली पडली. सोललेल्या तळव्याला कुंकू लागलं, झोंबलं.

"आक्का, पाप लागतंय!"

"लागू दे. मी उचललाय, मला लागंल."

तिनं पाना पुढं धरला. नागेंद्रनं तो घ्यायला हात केला, तसा तिनं झटकन मागं ओढला आणि पुन्हा मष्णूपुढं धरला. पाना जड होता. तिनं तो खाली केला नाही.

मष्णू खुर्चीसमोर उकिडवा बसला. तिथून त्यानं एकदा रॅम्पकडं बघितलं, एकदा तिच्या तळव्यांकडं. पाना हातात घेतला.

"किती खाली यायला पायजे, आक्का?"

सौम्या गाडीच्या मागं गेली. शेजारच्या खांबावर तिनं कुंकवाचा अंगठा टेकवला आणि आडवी रेघ ओढली.

"हितपतोर."

तिघांनीही रेघेकडं बघितलं. माळ घातलेली गाडी मागून त्या रेघेपासून बरोबर वीतभर वर उभी होती.