शेकेलच्या मापात सूर्य

रेवदंड्याच्या बेने इस्रायल संग्रहालयात काचेच्या पेटीत एक शेकेल होता, म्हणजे प्राचीन ज्यू लोकांचं वजनाचं माप. दिसायला सुपारीएवढा दगड. सूर्याचं वस्तुमान असे किती शेकेल भरेल, ते वरच्या फलकावर दिसायचं. दगड तोलणारा पेटीतला काटा आणि सूर्य मोजणारी वेधशाळा मिळून ती लांबलचक संख्या क्षणाक्षणाला ठरवायचे. उजवीकडचे आकडे सतत पळायचे, कारण सूर्य जळतच असतो. डावीकडचे मात्र संग्रहालय सांभाळणाऱ्या मोझेलबाईंनी कधीच हलताना पाहिले नव्हते.

आज दुपारी डावीकडून चौथा आकडा एकाने उतरला.

"काटा बिघडला असेल," तिकीट खिडकीवरची दर्शना म्हणाली.

मोझेलबाई दगड घेऊन शेजारच्या सोनाराकडे गेल्या. वजन पेटीतल्या काट्यावर होतं तेवढंच भरलं. परत आल्या आणि त्यांनी आधी रिकाम्या दालनातला एसी बंद केला.

"राहू द्या ना बाई, वीज फुकटच आहे."

खाडीतली वाळू उपसावी तसा सूर्य उपसायला लागल्यापासून ती फुकटच होती.

मोझेलबाईंनी वीज कार्यालयाला फोन लावला. कोणी शंका काढली, की तिथले लोक हसून सांगायचे, "समुद्रातून तांब्याभर पाणी काढलं, तर समुद्र आटतो का?" आज फोनवरचा माणूस हसला नाही. त्याने आकडा पुन्हा वाचायला लावला.

मग हळू आवाजात त्याने विचारलं, "बाई, तुमच्या घरी तेलाचा दिवा आहे का?"